शॅमेलिऑन : फांदीवर जगणारा प्राणी (पकड, डोळे, जीभ, रंग आणि संवर्धन)

रानवाट

शॅमेलिऑनचा विषय निघाला की गप्पा लगेच रंगावर येतात. मी सुरुवात पायांपासून करते, कारण हा प्राणी खरा कळतो तो त्याच्या पकडीतून. त्याची पाच बोटं दोन जुडग्यांत जुळलेली असतात. पुढच्या पायाला आतल्या अंगाला तीन, बाहेरच्या अंगाला दोन. मागच्या पायाला बरोबर उलट. दोन जुडग्यांच्या मध्ये फांदी आली की पकड घट्ट. शेपूटही फांदीला वेढा घालते. मात्र पालीची शेपूट तुटली तर पुन्हा येते, याची येत नाही. अंग दोन्ही बाजूंनी चपटं असतं, त्यामुळे पानाआड उभा राहिला की समोरून जेमतेम रेघ दिसते. चालण्याची तऱ्हाही वेगळी: पाऊल उचलायचं, अंग मागेपुढे झुलवायचं, मगच टेकवायचं. वाऱ्याने पानं हलत असतील तर त्यांच्यात हा वेगळा ओळखू येत नाही.

या बांध्यापायी त्याने वेग गमावला आहे. धोका समोर आला तरी धूम ठोकणं बहुतेक शॅमेलिऑनना जमत नाही. मग पळता न येणाऱ्याने भक्ष्य कसं पकडायचं, शत्रू वेळेत कसा पाहायचा, आणि शेजारच्या नराला "हे झाड माझं" कसं बजावायचं? जीभ, डोळे आणि रंग ही त्या तीन प्रश्नांची उत्तरं आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे की याचं सगळं शरीर फांदीभोवती घडलेलं आहे, त्यामुळे त्याला वाचवायचं तर फांदीसकट वाचवावं लागेल. पिंजऱ्यातला शॅमेलिऑन आणि झाडावरचा शॅमेलिऑन यांची बेरीज सारखी धरू नये. धागा काढला तो याचसाठी.

थोडी कुळकथा. आज दोनशेहून जास्त जाती माहीत आहेत. त्यातल्या जवळपास निम्म्या एकट्या मादागास्करमध्ये, उरलेल्यांपैकी बहुतेक आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर. दक्षिण युरोप, अरबस्तान आणि दक्षिण आशियात मोजक्या. भारत, श्रीलंका आणि पाकिस्तानात मिळून एकच जात, कॅमेलिओ झेलॅनिकस, म्हणजे आपला सरडगुहिरा. मादागास्करमध्ये इतक्या जाती पाहून कुळाचा उगम तिथलाच असणार असं बरीच वर्षं वाटत होतं. २०१३ साली जनुकीय अभ्यासातून चित्र उलटं निघालं: उगम आफ्रिकेत, आणि तिथून किमान दोन वेळा समुद्र ओलांडून हे प्राणी मादागास्करला पोहोचले. वाहत जाणाऱ्या झाडाझुडपांच्या तराफ्यांवर बसून गेले असावेत असा तर्क आहे. फांदी घट्ट धरून ठेवणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत मला तो अगदी पटतो.

आता डोळे. पापण्या जुळून शंकू झालेला आणि टोकाला बाहुलीपुरतं भोक. दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरतात, त्यामुळे मान न हलवता जवळजवळ चौफेर नजर राहते. किडा दिसला की दोन्ही डोळे त्याच्यावर येतात आणि मग जीभ सुटते. गंमत म्हणजे अंतर ओळखायला तो दोन डोळ्यांच्या चित्रांतल्या फरकावर फारसा विसंबत नाही. १९७७ साली एका संशोधकाने शॅमेलिऑनच्या डोळ्यांपुढे भिंगं बसवून पाहिलं. भिंग बदललं की जीभ भक्ष्याच्या अलीकडे किंवा पलीकडे पडू लागली. म्हणजे नजर स्पष्ट करायला डोळ्याला किती ताण द्यावा लागला, त्यावरून तो अंतर काढतो. १९९५ मध्ये आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्याच्या डोळ्यातलं भिंग किरण एकत्र आणण्याऐवजी फाकवतं, एकत्र आणायचं काम बाहेरचं पारपटल करतं. या जोडीमुळे पडद्यावर प्रतिमा मोठी पडते. आणि २०२५ मध्ये सीटी स्कॅनवरून दिसलं की डोळ्यांकडे जाणाऱ्या चेता सरळ नसतात, त्यांना वेटोळी असतात. डोळा इतका फिरवायचा तर चेतेला ढील हवीच. शतकानुशतकं लोकांनी हा प्राणी चिरून पाहिला, तरी हे नजरेतून सुटलं होतं.

जिभेबद्दल कुणी भौतिकशास्त्राच्या अंगाने लिहिलं तर फार बरं होईल.

शेवरी

सुंदर सुरुवात. पायांच्या बोटांकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

एक प्रश्न. एक व्हिडिओ खूप फिरत होता, त्यात शॅमेलिऑन ओळीने मांडलेल्या रंगीत चष्म्यांवरून चालतो आणि ज्या चष्म्यावर पाय पडेल तो रंग अंगभर पसरतो. असं खरंच होतं का? आणि होत नसेल तर इतके भडक रंग त्याच्याकडे कशासाठी?

रानवाट

शेवरी, तो व्हिडिओ संगणकावर केलेला आहे. कुठलाही शॅमेलिऑन पायाखालच्या वस्तूचा रंग असा उचलत नाही. लाल कापडावर ठेवला तर लाल होत नाही, घाबरून काळपट मात्र होईल.

रंग बदलण्याची मुख्य कारणं दोन: एकमेकांशी बोलणं आणि अंगाचं तापमान सांभाळणं. पहिल्याचं चांगलं उदाहरण येमेन आणि सौदी अरेबियातला वेल्ड शॅमेलिऑन. दोन नर समोरासमोर आले की अंग आणखी चपटं करून एकमेकांना कूस दाखवतात, म्हणजे आकार मोठा दिसतो. मग पट्टे उजळू लागतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा झुंजींत प्रत्येक पट्ट्याचा रंग आणि तो बदलण्याचा वेग मोजला गेला. अंगावरचे पट्टे ज्याचे जास्त उजळ, तो पुढे चालून जाण्याची शक्यता जास्त. डोक्याचे रंग ज्याचे लवकर आणि जास्त उजळतात, तो जिंकण्याची शक्यता जास्त. आणि हरणारा? तो काळवंडतो. "मी मागे हटतोय, चावू नकोस" असा तो निरोप असतो. ज्याला पळता येत नाही त्याला शरणागती लांबूनच कळवता येणं किती गरजेचं आहे पाहा.

मादीचेही निरोप असतात. कित्येक जातींत पोटात अंडी धरलेली मादी गडद होते, अंगावर ठळक ठिपके उमटतात, आणि जवळ येणाऱ्या नराला ती तोंड उघडून, फिसकारून हाकलते.

लपण्याचं काम बहुतेक वेळा मूळचा हिरवा-तपकिरी रंग आणि निश्चल बसणं यावरच भागतं. तरी पार्श्वभूमीशी जुळवून घेणं अगदीच नसतं असं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या बुटक्या शॅमेलिऑनच्या एका जातीला पक्ष्याची आणि सापाची प्रतिकृती दाखवून पाहिलं, तर पक्षी दिसल्यावर त्याने परिसराशी जास्त बारकाईने रंग जुळवला. पक्ष्याची रंगदृष्टी सापापेक्षा तीक्ष्ण असते, त्यामुळे त्याच्यापुढे जास्त काटेकोर राहावं लागतं. पण याच गटातल्या वेगवेगळ्या जाती ताडून पाहिल्या तेव्हा २००८ मध्ये असं निघालं की ज्या जातींचे निरोपाचे रंग सर्वांत उठावदार, त्यांच्यातच रंग बदलण्याची क्षमता सर्वांत मोठी. परिसरात किती रंग आहेत याच्याशी तिचा तसा मेळ बसला नाही. म्हणजे ही कला वाढली ती दिसण्यासाठी.

तापमानासाठी नमाक्वा शॅमेलिऑन पाहावा. नामिबच्या वाळवंटात राहतो, जमिनीवर फिरतो आणि गरज पडली तर बऱ्यापैकी धावतोही. पहाटेच्या गारठ्यात तो काळा होऊन ऊन पितो, दुपारी फिकट राखाडी. सकाळी कधी कधी उन्हाकडची कूस काळी आणि सावलीकडची फिकट असा दुरंगी बसलेला दिसतो. जादा मीठ तो नाकपुड्यांजवळच्या ग्रंथींतून टाकतो, त्याने पाणी वाचतं. फांदीवरच्या प्राण्याने फांदी नसलेल्या जागी कसं निभावलं याचं हे उदाहरण मला फार आवडतं.

कातळ

जिभेचं बोलावणं आलंय म्हणून लिहितो, आधी रंगाचं भौतिकशास्त्र उरकतो.

पूर्वी असं समजत की कातडीतल्या रंगपेशी फुगतात, आक्रसतात आणि रंगद्रव्य पसरतं. काळपटपणाच्या बाबतीत ते खरं आहे. मेलॅनिन या काळपट रंगद्रव्याचे कण पेशीत पसरले की अंग गडद होतं. पण हिरव्याचा पिवळा आणि निळ्याचा पांढरट कसा होतो याचं उत्तर २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या गटाने पँथर शॅमेलिऑनवर काम करून दिलं. कातडीत ग्वानिन या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक ठरावीक अंतरावर जाळीसारखे मांडलेले असतात. नर शांत असताना जाळी दाट असते आणि निळा प्रकाश परततो. त्यावर पिवळ्या रंगद्रव्याचा थर आहे, दोन्ही मिळून हिरवा दिसतो. नर खवळला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं, परतणारा प्रकाश निळ्याकडून पिवळ्या-लालकडे सरकतो आणि अंग पिवळं, नारिंगी दिसू लागतं. काही मिनिटांचं काम. रंगद्रव्य तेवढंच राहतं, बदलते ती फक्त मांडणी. त्याखाली स्फटिकांचा दुसरा, जाड थर असतो. तो अवरक्त प्रकाश परतवतो, म्हणजे उन्हापासून संरक्षण.

आता जीभ. घशात एक निमुळती, गुळगुळीत काडी असते, जिभेच्या हाडाचाच भाग. तिच्यावर नळीसारखा स्नायू चढवलेला असतो, आणि काडी व स्नायू यांच्या मध्ये कोलॅजन या चिवट प्रथिनाची एकात एक बसलेली आवरणं. स्नायू आवळला की नळी अरुंद होते, आवरणं ताणली जातात, ऊर्जा साठते. सगळा संच पुढे सरकून काडीच्या निमुळत्या टोकावर आला की सुटतो. ओल्या साबणाची वडी मुठीत दाबल्यावर जशी निसटते, तसं. २००४ साली आवरणांची ही भूमिका उलगडली. तोवर नुसत्या स्नायूच्या जोरावर इतका वेग कसा येतो हे कोडंच होतं. आणि ते खरंच येत नाही, स्नायू फक्त कमान ताणून ठेवतो.

२०१६ मध्ये २० जातींच्या जिभा अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपल्या गेल्या. सर्वांत जास्त त्वरण निघालं ऱ्हॅम्फोलिऑन स्पिनोसस या टांझानियातल्या चिमुकल्या जातीचं: गुरुत्वत्वरणाच्या २६४ पट, आणि पल्ला शरीराच्या लांबीच्या अडीचपट. लहान जातींची जीभ शरीराच्या मानाने मोठी आणि जोरकस असते. लहान शरीराला वजनाच्या मानाने जास्त अन्न लागतं, त्याच्याशी हे जुळतं.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो थंडीचा प्रयोग. सरपटणाऱ्यांचे स्नायू गारठले की मंदावतात. २०१० च्या अभ्यासात दिसलं की तापमान १० अंशांनी उतरलं तर जीभ फेकण्याची कामगिरी १० ते १९ टक्केच घटते, पण जीभ परत ओढण्याची ४२ टक्क्यांहून जास्त. फेकणं साठवलेल्या ताणावर चालतं, ओढणं मात्र निव्वळ स्नायूवर. यामुळे डोंगरमाथ्यावरच्या गार सकाळी, बाकी सरडे अजून सुस्त असताना, शॅमेलिऑन शिकार करू शकतो.

शेवरी

कातळ, पुरतं उमजलं. आणि किडा जिभेला चिकटतो तो कसा? टोकाला काटे असतात का?

कातळ

काटे नाहीत. टोकाला मांसल गादी असते. ती भक्ष्याला टेकण्याच्या जरा आधी मधून खोलगट होते, त्यामुळे किडा थोडासा कवेत येतो. वर चिकट लाळ. २०१६ मध्ये या लाळेची दाटता मोजली गेली, माणसाच्या लाळेच्या सुमारे ४०० पट भरली. तिच्या जोरावर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास भक्ष्य ओढलं जातं. पाखरू किंवा लहान सरडाही.

झुळूक

वाचनखूण साठवली. मुलांना वाचून दाखवणार आहे.

निशाचर

रात्रीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून भर घालतो. शॅमेलिऑन दिवसा समोर असला तरी दिसत नाही, रात्री मात्र विजेरीच्या झोतात लांबून चमकतो. झोपेत कातडी फिकट पडते, पांढुरकी पिवळट, आणि भोवतीची पानं गडद असतात. म्हणूनच गणती करणारे अभ्यासक रात्रीच फिरतात.

झोपायची जागा पाहण्यासारखी असते. डहाळीच्या अगदी टोकाला, जिथे ती आणखी कुणाचं वजन पेलणार नाही, तिथे तो तोंड खोडाकडे करून बसतो. शेपटीची गुंडाळी घट्ट, डोळे आत ओढलेले. साप खोडाकडून यायला लागला की डहाळी थरथरते. मी एकदा असं पाहिलं की माझा खांदा खालच्या फांदीला नुसता घासला, आणि वर झोपलेल्याने चारही पाय एकदम सोडून दिले. खाली पानोळ्यात टप्प आवाज, आणि मग कितीही शोधलं तरी सापडेना. चपटा देह, तपकिरी झालेला, सुकल्या पानात मिसळून गेला. पळता येत नाही, पण पडता येतं!

कानाला बाहेरून छिद्र नसतं, पडदाही नाही. हवेतला आवाज त्याला बेताचाच, तोही खालच्या पट्टीचा, ऐकू येतो. पण फांदीतून येणारी थरथर बरोबर कळते. वेल्ड शॅमेलिऑन अशी थरथर स्वतःही निर्माण करतात, जोडीदार जवळ असताना हे टिपलं गेलंय.

अवांतर : अतिनील प्रकाशात काही जातींच्या डोक्यावर निळे ठिपके चमकतात. २०१८ साली मादागास्करच्या कॅलुमा गटावर हा अभ्यास झाला. कवटीच्या हाडाचे बारीक उंचवटे कातडीतून वर आलेले असतात, त्यांच्यावर फक्त एक पातळ पारदर्शक थर. चमकतं ते हाड. दाट जंगलातल्या जातींत हे जास्त आढळतं.

अवखळ_वारा

रानवाट ताई, मला सरपटणाऱ्या प्राण्यांचं मनापासून वेड आहे. एक शॅमेलिऑन पाळावा असं बऱ्याच दिवसांपासून मनात आहे. नीट काळजी घेतली तर चालेल ना? निदान एक जीव तरी सुरक्षित राहील.

प्राणीवैद्य

या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण पाळलेल्या शॅमेलिऑनचे शेवटचे दिवस मी जवळून पाहिले आहेत.

तो वाटीतलं पाणी पीत नाही, कारण स्थिर पाणी त्याला पाणी वाटतच नाही. रानात तो पानावरून ओघळणारे थेंब टिपतो. त्यामुळे समोर भरलेली वाटी असूनही तो तहानेने खंगतो. डोळे खोल जातात, मूत्रपिंडं बिघडतात. हाडांसाठी त्याला उन्हातले अतिनील ब किरण लागतात. रानातला पँथर शॅमेलिऑन हे स्वतः सांभाळतो: २००९ च्या एका अभ्यासात आहारात डी जीवनसत्त्व कमी मिळालेले शॅमेलिऑन अतिनील प्रकाशात जास्त वेळ बसले, भरपूर मिळालेले कमी. दिवा चुकीचा किंवा जुना असेल तर त्याच्या हातात काही उरत नाही. हाडं मऊ होतात, पाय वाकडे होतात. माझ्या टेबलावर आलेल्या एका शॅमेलिऑनचा जबडा बोटाने हलक्या हाताने दाबला तर रबरासारखा लवत होता. त्याला जीभ फेकता येत नव्हती. मालक त्याच्यावर जीव टाकत होता, कमी होती ती फक्त प्रकाशाची.

समोर सतत दुसरा शॅमेलिऑन दिसत राहिला, किंवा काचेत स्वतःचीच छबी दिसली, तरी तो रोज ताणाखाली राहतो. लोक त्याचे उजळलेले रंग बघून "आज खुशीत आहे" म्हणतात, तेव्हा तो भांडणाच्या पवित्र्यात असतो.

आणि कायदा. सरडगुहिरा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तो पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे. परदेशी जातींपैकी बहुतेक 'साइटिस' या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. ब्रुकेसिया पेरार्माटा ही काटेरी जात पहिल्या परिशिष्टात आहे, तिचा व्यापार बंदच. तुमचं वेड खरं आहे, अवखळ_वारा, ते निशाचर यांच्यासारखं विजेरी घेऊन फिरण्यात लावा.

अवखळ_वारा

पटलं. जबड्याचं वाचून गलबलून आलं. पण चोरून व्यापार तरीही चालतच असेल ना?

रानवाट

चालतो. २०२१ च्या जानेवारीत व्हिएन्ना विमानतळावर एका प्रवाशाच्या सामानात ७४ शॅमेलिऑन सापडले. टांझानियातल्या उसांबारा डोंगरांतून आणलेले, मोज्यांत आणि आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत कोंबलेले. आठवड्याच्या पिल्लापासून प्रौढापर्यंत सगळ्या वयांचे. शोनब्रुन प्राणिसंग्रहालयाने ते ताब्यात घेतले, तरी तीन वाचले नाहीत. उसांबारासारख्या डोंगरांत प्रत्येक रांगेची आपली वेगळी जात असते, जगात दुसरीकडे कुठेही नसलेली. तिथून मूठभर प्राणी उचलले तरी घाव मोठा.

उलट बाजूही सांगते. १९७२ मध्ये केनियातले मोजके जॅक्सन शॅमेलिऑन, तीन शिंगांचे, पाळीव म्हणून हवाईला नेले गेले आणि तिथे मोकळे सुटले. ही जात अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते, एका वेळी अगदी डझनांनी. आज हवाईच्या बेटांवर त्यांची वस्ती पक्की झाली आहे आणि तिथल्या स्थानिक गोगलगायी आणि कीटक त्यांच्या पोटात जात आहेत. त्या गोगलगायी आधीच नामशेष होण्याच्या काठावर आहेत. म्हणून "पाळता येत नसेल तर सोडून देऊ" हासुद्धा मार्ग नव्हे.

जंगलजोड

व्यापाराबद्दल लोक हळहळतात, पण मला काळजी वाटते ती जंगलाची. शॅमेलिऑनच्या एक तृतीयांशाहून जास्त जाती धोक्यात आहेत, आणि त्यामागचं मोठं कारण अधिवासाचा नाश हेच आहे. मादागास्करने १९५३ ते २०१४ या काळात ४४ टक्के नैसर्गिक जंगल गमावलं. फिरती शेती, कोळसा, लाकूड, खाणी. त्यामागे गरिबी आहे, म्हणून तिथल्या शेतकऱ्याला दोष देऊन काही साधणार नाही.

मलावीतल्या चॅपमन पिग्मी शॅमेलिऑनची गोष्ट वाचावी. पाच-सहा सेंटिमीटरचा, दाट सावलीतल्या पानोळ्यात फिरणारा. १९९२ मध्ये नोंदला गेला तो एकाच डोंगरभागातून. १९९८ मध्ये यातले ३७ प्राणी पुढच्या काळजीपोटी दुसऱ्या जंगलात सोडले होते. १९८४ पासून त्या डोंगरांवरचं सुमारे ८० टक्के जंगल गेलं आणि जात संपली असावी अशी भीती होती. २०१६ साली संशोधक विजेऱ्या घेऊन उरलेल्या तुकड्यांत शिरले आणि काही जिवंत सापडले. पण मला खरी बोच लागली ती पुढच्या निष्कर्षाची: वेगवेगळ्या तुकड्यांतल्या प्राण्यांच्या जनुकांवरून कळलं की ते एकमेकांत मिसळतच नाहीत. मधलं शेत ओलांडणं या प्राण्याला जमत नाही. सावली नाही, ओल नाही, धरायला काडी नाही. रानवाट यांनी पहिल्या पोस्टमध्ये पकडीपासून सुरुवात केली ती मला त्यामुळेच योग्य वाटली. आपल्याला शंभर मीटरची मोकळी जागा म्हणजे काहीच नाही, याला ती समुद्र आहे.

हवामानाचाही प्रश्न आहे. मादागास्करच्या उत्तरेला त्सारातानाना डोंगरावर उभयचर आणि सरपटणाऱ्यांच्या ३० जातींचा १९९३ ते २००३ असा दहा वर्षांचा ताळा पाहिला, तर जाती सरासरीने १९ ते ५१ मीटर वर सरकलेल्या दिसल्या. माथ्यावर राहणाऱ्यांनी आणखी वर कुठे जायचं?

शेवरी

जंगलजोड, निराश व्हायला झालं. काही चांगलंही घडतंय का?

जंगलजोड

घडतंय. फुर्सिफर व्होल्ट्झकोवी ही मादागास्करच्या वायव्येची जात. १९१३ नंतर तिची नोंदच नव्हती. २०१८ मध्ये मलागासी आणि जर्मन संशोधकांना ती एका हॉटेलच्या मोडकळलेल्या बागेत सापडली. माद्यांचे रंग तर पाहतच राहावेत, जांभळे, नारिंगी, हिरवे, काळे-पांढरे. इतकी वर्षं न सापडण्याचं एक कारण तिचं आयुष्यच असावं. पावसाळ्यापुरती जगते आणि तेव्हा तिथले रस्ते बंद असतात.

२०१० मध्ये कॅलुमा टार्झन ही जात नोंदली गेली. नाव मुद्दाम असं ठेवलं की उरल्यासुरल्या जंगलाकडे लोकांचं लक्ष जावं. २०२१ मध्ये ब्रुकेसिया नाना : नराचं शेपटीशिवायचं शरीर १३.५ मिलिमीटर, शेपटीसकट २१.६. मादी शेपटीसकट २८.९. तेव्हा फक्त हे दोनच प्राणी हाती होते. इतका लहान प्रौढ सरपटणारा प्राणी तोवर कुणी नोंदला नव्हता. राहतो तो डोंगरावरच्या पावसाळी जंगलात, ज्याचं बरंच तुटलं, पण उरलेला भाग आता संरक्षित आहे. असे संरक्षित तुकडे वाढवणं आणि त्यांना झाडांच्या पट्ट्यांनी जोडणं, हेच खरं काम.

निशाचर

अल्पायुष्यावरून आठवलं. व्होल्ट्झकोवीचीच नातलग फुर्सिफर लाबोर्डी, नैर्ऋत्य मादागास्करची. तिचं सगळं आयुष्य वर्षाचं, त्यातले आठ-नऊ महिने अंड्यात. नोव्हेंबरमध्ये पहिल्या पावसाबरोबर सगळी पिल्लं एकदम बाहेर येतात, दोन महिन्यांच्या आत वयात येतात, झुंजतात, जोड्या जमतात, अंडी जमिनीत पुरली जातात आणि थोड्याच आठवड्यांत प्रौढ मरतात. वर्षातले कित्येक महिने ही जात पृथ्वीवर फक्त अंड्यांच्या रूपात असते. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा चार पायांच्या प्राण्यांत असं दुसरं उदाहरण माहीत नव्हतं. आता विचार करा, एका वर्षी पाऊस हुकला किंवा अंड्यांची जमीन नांगरली गेली तर? सावरायला मागे दुसरी पिढी उरलेलीच नसते.

याउलट पार्सन शॅमेलिऑन, मांजराएवढा लांब. त्याची अंडीच दीड-दोन वर्षं जमिनीत राहतात.

झुळूक

+१ सगळ्यांना. एक व्यवहारातला प्रश्न: रस्ता ओलांडताना सरडगुहिरा दिसला तर काय करावं? मुलं विचारतील म्हणून.

रानवाट

झुळूक, फार कामाचा प्रश्न. आधी गाड्या बघून स्वतःची सुरक्षा. मग त्याच्या पुढच्या पायांसमोर एक काठी आडवी धरा. तो आपणहून चढतो, हाताने उचलावं लागत नाही. शेपटीला धरून ओढू नका आणि फांदी धरून बसलेल्याला उपटू नका, पायांना इजा होते. ज्या दिशेने चालला होता त्याच बाजूच्या झुडपावर काठी टेकवा आणि मागे व्हा. फुगून, काळा पडून, तोंड वासून फिसकारेल. विष नाही, त्याला फक्त भीती वाटते आहे. घरी आणू नका, लांबच्या "चांगल्या" जंगलात नेऊन सोडू नका. जखमी असेल तर वनखात्याला कळवा.

जमिनीवर दिसणारी बऱ्याचदा मादी असते, अंडी घालायला झाडावरून उतरलेली. माती उकरत असेल तर लांब थांबा. मध्येच बिचकली तर खड्डा सोडून जाते. खड्डा बुजवून झाल्यावर ती निघून गेली की जागा तशीच राहू द्या, पाणी घालू नका, कुंपण नको. खोदकामात अंडी उघडी पडलीच तर ती जशी आहेत तशीच, वरची बाजू वर ठेवून, ओलसर मातीने पुन्हा झाका. अंडं फिरवलं तर आतला गर्भ दगावू शकतो. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकला तर नोंद होते, पण नेमकी जागा लपवून टाका, पकडणारेही ते पाहत असतात.